हद्दीचा दगड

“जहाज नक्की कुणाचं धरायचं, यावर अडलंय, काका,” जहाज कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला. आवाज मवाळ होता. रात्रभर घरोघरच्या बापांना हेच सांगून तोही पेंगुळला असावा. झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा, पेट्यांतला माल चीनचा आणि माणसं बरीचशी आपली. त्या जहाजावर कुणाचंतरी ड्रोन येऊन आदळलं होतं. कुणी सोडलं, देव जाणे. आसपास तीन देशांच्या युद्धनौका होत्या. माणसं वाचवायला पुढं कुणी व्हायचं, याची बोलणी चालली होती. “हद्दीचा प्रश्न आहे ना. बघून सांगतो.”

कृष्णातनं फोन खिशात टाकला. त्या जहाजाच्या इंजिनावर त्याचा राजवर्धन होता. कालपासून पोराचा फोन लागत नव्हता.

आत टीव्हीवर आशियातले मोठमोठे देश लांबलचक टेबलाभोवती बसले होते. समुद्र सुरक्षित राहिला तर सगळ्यांचाच व्यापार वाढेल, असं जो तो आपापल्या भाषेत सांगत होता आणि फोटोसाठी हातात हात घेत होता. त्याच्या बायकोनं, शालूबाईनं, टीव्ही बंद केला नव्हता, आवाज तेवढा बारीक केला होता. खालच्या पट्टीत कधीतरी जहाजाचं नाव येईल, या आशेवर ती चूलही न पेटवता बसून होती.

“आण्णा!” अंगणातून हाक आली. खालच्या रानातली जाईबाई, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. “पाट फुटलाय. परवा लावल्याली हळद हाय, आण्णा. समदं बेणं वाहून चाललंय.”

कुठं फुटला, हे कृष्णातनं विचारलंच नाही. पाट दरसाल एकाच ठिकाणी फुटायचा, हद्दीच्या दगडापाशी. दगडाच्या अलीकडं कृष्णातची पाणीसंस्था, पलीकडं दादासोची. दोघंही आपापल्या संस्थेचे पाटकरी, पाणी सोडायचं आणि पाट राखायचं काम त्यांचं. पण दगडापाशी एकानं फावडं लावलं की तेवढा तुकडा कायमचा त्याच्या गळ्यात पडणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक. म्हणून आजवर तिथं कुणी हात लावला नव्हता. पाट फुटायचा, दोघं दोन बाजूंना कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि पाणी जायचं जाईबाईच्या रानात. तिचं रान खाली होतं, एवढाच तिचा गुन्हा.

“जाईबाई, हद्द बघाय लागंल,” कृष्णात सवयीनं बोलून गेला. “बघून सांग...”

तोच मवाळ आवाज, तोच सूर. त्याला स्वतःचीच किळस आली. इतकी वर्षं या बाईला आपण हेच ऐकवत आलो?

त्यानं कोपऱ्यातलं फावडं उचललं.

पंप बंद करायला त्यानं सांगितलं खरं, पण पाटात भरलेलं पाणी यायचं ते येतच होतं. दगडाच्या पलीकडं दादासो मोटारसायकलला टेकून उभा होता.

“फावडं लावू नगंस, कृष्णात. जलमभर तुझ्याच गळ्यात पडंल बघ.”

“पडू दे तिकडं. हद्दी इचारून लय दमलो गड्या.”

अंगातला सदरा काढून त्यानं हद्दीच्या दगडावर टाकला आणि तो भगदाडात उतरला. जाईबाईनं मातीचं पोतं ढकललं. त्यानं ते पाठीनं दाबून धरलं. दुसरं पोतं आलं. पाणी बरगड्यांना ढुशा मारत होतं. दादासो थोडा वेळ बघत राहिला, मग “येडाच हायस मर्दा” म्हणत त्यानंही विजार गुडघ्यावर गुंडाळली.

तेवढ्यात सदऱ्यातला फोन वाजला.

“जावा, घ्या की!” जाईबाई ओरडली.

“सरकलो तर समदं फुटंल. तूच घे. हितं कानाला लाव.”

तिनं चिखलाच्या हातानं फोन काढला, वाकून त्याच्या कानाशी धरला. नंबर अनोळखी होता.

“आबा, मी बोलतोय.”

चिखलात उभा राहून कृष्णात हमसून हमसून रडायला लागला. दादासोनं आपला खांदा त्या पोत्याला लावला.

“हायस न्हवं? लागलंय का कुठं?”

“हात जरा भाजलाय. समदी पोरं हाईत, आबा. जीव वाचवाय पाण्यात उड्या टाकल्या हुत्या. काल दिस मावळायच्या आदीच आमाला दुसऱ्या एका जहाजावर घेतलं. फोनच मिळंना, म्हणून उशीर झाला. हितं चा दिला. बिनसाखरेचा हाय, पर गरम हाय.”

काल दिवस मावळायच्या आधीच. म्हणजे तो मवाळ आवाज रात्रभर हद्द बघत होता, तेव्हा पोरगं केव्हाच वर निघालं होतं. कृष्णातला हसावं का रडावं कळेना. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. जाईबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि फोन पुन्हा कानाशी धरला.

“पर राजू,” पाटकऱ्याची उभ्या जन्माची खोड, ती कुठं जाते, “तुमाला घेतलं ते जहाज कुणाचं रं?”

“ते सांगतो की घरी आल्यावर. पर आबा, पाण्यातनं वर वढताना तेनी आमाला न्हाई इचारलं, तुमी कुणाचं म्हणून.”