निळं पाणी

थोरल्याने बॅगेतून धाकट्याचे नवे बूट पुन्हा बाहेर काढले तेव्हा आई कडाडली.

"तू परदेशात मजा मारून आलास, आणि आता भावाची पाळी आली तर पोटात दुखतं का रे तुझ्या?"

थोरल्याने बूट परत ठेवले. सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला होता. पोचल्या पोचल्या मालक पासपोर्ट काढून घेतो, एका खोलीत दहा-दहा जण कोंबतो, उन्हात फरश्या बसवताना माणूस कोसळला की मगच घरी धाडतो, सगळं सांगून झालं होतं. पण विश्वास कोण ठेवणार? दर शुक्रवारी फोनवर निळाशार स्विमिंग पूल दाखवून "मस्त चाललंय, आई" म्हणणारा तोच होता ना! आईने तो पूल अख्ख्या गल्लीला दाखवला होता. थापा इतक्या चोख मारल्या होत्या, की आता खऱ्याला कुणी दारात उभं करेना.

"पूल खोटा होता म्हणतोस?" धाकट्याने विचारलं. "मी या डोळ्यांनी बघितलाय."

"पूल खरा होता. त्याच्या फरश्या मी बसवल्या. तुम्हाला छातीपासून वरचं दाखवायचो. खाली पॅन्ट सिमेंटने माखलेली असायची."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"मुकादम शेजारी उभा असायचा. आणि आई किती हसायची रे."

धाकट्याला थोडं पटलं. पण तिकीट निघालं होतं, इथली कामं बंद पडली होती, आणि गल्लीभर गाजावाजा झाल्यावर नाही म्हणायला त्याला तोंड उरलं नव्हतं.

अडवणं जमेना, तेव्हा थोरल्याने शिकवायला घेतलं. "पासपोर्टची झेरॉक्स माझ्याजवळ ठेवून जा. एम्बसीचा नंबर तोंडपाठ कर, मोबाइल काढून घेतात, शुक्रवारी मुकादमासमोर बोलण्यापुरता देतात. जे वाचता येत नाही त्यावर सही करू नकोस. आणि उन्हात नुसतं पाणी ढोसू नकोस, चिमूटभर मीठ टाक."

"झालं का, मास्तर?"

"एक राहिलं." आईकडे पाहत थोरल्याने आवाज खाली आणला. "अडकलास तर फोनवर रडू नकोस. मुकादमाला आपलं बोलणं कळतं. मस्त चाललंय म्हण, आणि पूल दाखव. मी समजेन. पुढचं माझ्यावर सोड."

"आणि मी खरंच पोहायला गेलो तर?"

"नाही जाणार, बाळा." थोरल्याने बॅगेची चेन लावली.

धाकटा गेला. सुरुवातीचे फोन नुसत्या भिंतीसमोरून आले. आई हिरमुसायची. थोरल्याला मात्र ती भिंत बघून जिवात जीव यायचा.

मग एका शुक्रवारी आई मोबाइल नाचवत बाहेर आली. "अरे, ये लवकर! दाखवला बघ एकदाचा!"

धाकटा उभा होता, छातीपासून वर. चेहरा रापलेला, केस नीट विंचरलेले. मागे निळं पाणी.

"मस्त चाललंय, दादा."

थोरल्याने मोबाइल जवळ ओढला. "पाणी किती खोल आहे रे?"

धाकट्याने बाजूला उभ्या असलेल्या कुणाकडे तरी पाहिलं आणि तो हसला. "पाय टेकत नाहीत, दादा."

थोरल्याने कपाटातून झेरॉक्स काढली. खिशात कोंबली आणि चपला शोधू लागला.

"मग काठाकाठानेच खेळ रे बाबा," आई कौतुकाने फोनवर सांगत होती, "तुला कुठे पोहता येतं!"