रविवारचे पाहुणे

"अगं, मान सरळ ठेव ना. भांग तिरका येतोय," रमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पद्मजाची वेणी आणखी घट्ट ओढली.

मान सरळ राहणार कशी? पद्मजाचं लक्ष सारखं दाराकडे जात होतं. पाहुणे आता कुठल्याही क्षणी येणार होते.

आदल्या संध्याकाळी चपला काढता काढता वडिलांनी एवढंच सांगितलं होतं, "उद्या दोन मोठी माणसं येताहेत. पद्मजाला जरा नीट तयार ठेव." पुढे काही विचारायची त्या घरात रीत नव्हती. शंकरराव मिलच्या हापिसात कारकून होते आणि काम पक्कं झाल्याशिवाय ते तोंडातून काढायचं नाही, हा त्यांचा बाणा होता. परदेशीपुऱ्यातल्या या दोन खोल्या घेतल्याची बातमीसुद्धा त्यांनी बायकोला सामान हातगाडीवर चढल्यावर दिली होती.

मॅट्रिक झालेली मुलगी आणि तिला तयार ठेवायची. रमाबाईंना आणखी सांगायची गरज नव्हती. त्यांनी पोहे भिजवले, कोपऱ्यावरून जलेबी मागवली आणि शेजारणीचं जरीकाठी पातळ मागून आणलं.

कॉलेजचा अर्ज भरून पद्मजाने ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला होता. अर्जाची तारीख तोंडावर आली होती. राहिली होती वडिलांची सही, आणि ती मागायची हिंमत. निकाल लागला, गणितात ती शाळेत पहिली आली. शंकरराव नुसतं "ठीक आहे" म्हणाले आणि टोपी घालून बाहेर निघून गेले. अशा माणसाकडे कॉलेजचं नाव काढायचं कसं?

आणि तिची भीती हवेतली नव्हती. तिची मैत्रीण शशिकला गेल्या वर्षी अशीच पाहुण्यांपुढे बसली होती. मला पुढे शिकायचंय, असं भाबडेपणानं बोलून गेली. होणारी सासू हसून म्हणाली, "शिकवू की आम्ही, त्यात काय." हुशार सून मिळतेय म्हटल्यावर त्यांनी लग्नाची घाई केली. आता शशिकला देपालपुरात बारा माणसांच्या पोळ्या लाटत होती. दिवाळीत भेटली तेव्हा ती म्हणाली, "पद्मे, मी ना एकदम बुद्धू बनून बसायला पाहिजे होतं. पसंतच केलं नसतं त्यांनी."

पद्मजाने ठरवलं होतं, आपण बुद्धू बनायचं.

पाहुणे आले. दिनानाथजी उंच, पांढऱ्या मिशांचे होते. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई खादीचं साधं पातळ नेसल्या होत्या. मुलगा बरोबर नव्हता. "आधी मोठी माणसं बघून जातात," रमाबाई स्वयंपाकघरात कुजबुजल्या.

पद्मजा पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि खाली मान घालून बसली. तिला कुणी चालायला लावलं नाही, की केस पाहिले नाहीत. दाराआड उभ्या रमाबाईंना ते फार आवडलं. सुधारलेलं घर दिसतंय, त्यांनी मनात म्हटलं.

"मॅट्रिकला नंबर चांगला आला म्हणे तुझा," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"आला कसातरी."

"कसातरी? गणितात तर पहिली होतीस."

"सोपा होता पेपर."

दिनानाथजींनी खिशातून इंग्रजी वर्तमानपत्र काढून पुढे केलं. "बेटा, चार ओळी वाचून दाखव बरं."

शशिकलालाही असंच वाचायला लावलं होतं. पद्मजाने पेपर घेतला आणि सोप्या शब्दांवर अडखळत, कठीण शब्द सरळ गाळत चार ओळींची पार वाट लावली. शंकररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बापाचा हा राग नंतर निस्तरावा लागणार, हे तिला कळत होतं. तरी ती मागे हटली नाही.

"घाबरली असेल," शंकरराव हळूच म्हणाले. "घरात फर्डं वाचते."

सरोजिनीबाईंनी बशी खाली ठेवली आणि त्या पुढे सरकल्या. "हे बघ, मोकळेपणानं सांग. पुढे शिकायची इच्छा आहे ना तुला? तू हो म्हण, आम्ही शिकवू."

पद्मजाला शशिकलाची सासू आठवली. अगदी तेच बोलणं. तसंच हसून, तितक्याच मायेनं. क्षणभर खरं उत्तर जिभेवर आलं. तिने वडिलांकडे पाहिलं. ते तिच्याकडे एकटक बघत होते, जरासे पुढे वाकून, हाताच्या मुठी आवळून. ती आणखी घाबरली.

"नाही," ती म्हणाली. "मला पुस्तकांचा वीट आलाय. शाळासुद्धा बाबांच्या धाकानं पुरी केली मी."

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. जलेबी तशीच राहिली. शंकरराव पाहुण्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले आणि पद्मजाने आत येऊन भिंतीला पाठ टेकली. छातीवरची धोंड उतरली होती. सुटले, ती मनात म्हणाली. आता चार शिव्या खायच्या, आणि उद्या धीर करून अर्ज पुढे ठेवायचा.

शंकरराव परतले. टोपी काढून खाटेवर बसले.

"काय म्हणाले?" रमाबाईंनी विचारलं. "मुलगा काय करतो त्यांचा?"

"कुणाचा मुलगा?" शंकरराव म्हणाले. "त्यांचं मंडळ आहे. दर साली एका मुलीच्या कॉलेजचा सगळा खर्च ते करतात. आपल्या ऐपतीत कुठला बसायला तो? म्हणून महिनाभर त्यांच्या दारी जात होतो मी. आता हिच्या वर्गातल्या अरुंधतीच्या घरी गेलेत, तिचं नाव पक्कं करायला." मग ते पद्मजाकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "माझ्या धाकानं शिकत होतीस, हे मला खरंच कळलं नाही, बेटा. आता नाही हो तुला कुणी शिक म्हणणार."