लेस्टरचं जाळं

"काका अजून उठले नाहीत?" शॅनिसनं दारातूनच विचारलं. "सगळं गाव नदीवर जमलंय, मावशी!"

"खोकून खोकून आत्ता कुठं निजलाय," ओफीलियानं दार मागं ओढून घेतलं. "उठवायचं नाही."

"अगं, आज? उभा जन्म भांडले ते या दिवसासाठी!"

खोटं नव्हतं. आपल्याच नदीत जाळं टाकलं म्हणून ओफीलियाचा नवरा लेस्टर दोनदा तुरुंगात गेला होता. जमातीचा मासेमारीचा हक्क पणजोबांच्या वेळच्या करारात होता, सरकारच्या सहीनिशी. पण पाळतंय कोण! शेवटी संसदेनं कायदा केला आणि तो आजपासून लागू झाला. तोही अगदी वेळेवर, कारण सामन मासा दोन दिवसांत वर निघून जाणार होता.

"जाळं तू सोड. त्यानंच सांगितलंय," ओफीलिया म्हणाली.

"बरं. मग एक टोक तू धर."

"माझी बोटं बघ कशी आखडलीत. तूच सोड बाई."

काठावर पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळे होते. एरवी जाळी कापणारी सरकारी होडी पलीकडं गुपचूप उभी होती.

"गेल्या साली डॅरोल म्हातारा नेमका मोसमात मेला," कुणीतरी म्हणालं. "गावात मयत, म्हणजे रीतीनं चार दिवस नदी बंद, चोरूनसुद्धा जाळं टाकायचं नाही. जिवंतपणी छळलं ते छळलं, मेल्यावरही उपाशी ठेवलं!"

"त्याची बायको अजून जाळ्याला न् ताज्या माशाला शिवत नाही, बिचारी. विधवेची रीतच तशी."

सगळे हसले. ओफीलियाही हसली, जराशी उशिरा.

जाळं पाण्यात गेलं, भरून वर आलं आणि पुन्हा पाण्यात गेलं. म्हातारी माणसं ढसाढसा रडली. पहिला मासा भाजून सगळ्यांनी घास घास वाटून खाल्ला आणि रीतीप्रमाणे काटे नदीत सोडले.

"घे ना गं मावशी!"

"दाढ ठणकतेय. तुम्ही खा."

"काकांचा तुकडा बाजूला काढलाय. गरम आहे तोवर देऊन येते."

शॅनिस पान घेऊन निघाली. ओफीलियानं तिचा हात धरला. काठावर सगळ्यांची तोंडं चालू होती, पोरं बोटं चाटत होती. तिनं ते डोळे भरून पाहून घेतलं.

"आता जाळं काढ, पोरी," ती म्हणाली. "तुझा काका पहाटेच गेला."