फिंटन क्विग्लीचं मत

कॅप्टन प्रायरने दारात उभं राहून टोपी काढली, तेव्हा फिंटन क्विग्लीला वाटलं, कुणीतरी मेलं असावं. एरवी हा माणूस चर्चमध्येही टोपी काढायला कुरकुरायचा.

"बरे आहात ना, क्विग्ली?" कॅप्टन म्हणाला.

चुलीपाशी उभ्या असलेल्या नोराने मान वळवून पाहिलं. तिच्या नवऱ्याला अहोजाहो करणारा हा पहिलाच साहेब. इथला मॅजिस्ट्रेट असलेल्या याच साहेबाने पूर्वी फिंटनला खांबाला बांधून फोडून काढलं होतं, का तर उद्धट नजरेने पाहिलं म्हणून. तेव्हा फिंटन आयर्लंडहून ऑस्ट्रेलियात जहाजात घालून आणलेला कैदी होता. आता शिक्षा भोगून मोकळा झालेला, चार एकरांचा मालक होता. आणि वसाहतीच्या कायदेमंडळासाठी पहिल्यांदाच निवडणूक होत होती, त्यात कॅप्टन उमेदवार होता. ज्याची जमीन त्याला मत, मग पाठीवर वळ असोत की नसोत.

"उद्या मतदान," कॅप्टन म्हणाला. "मी तुमच्यावर जबरदस्ती करत नाही."

"नाही, साहेब."

"पोरगा कसा आहे तुमचा? कोठडीत थंडी असते."

डर्मटला शनिवारी पकडलं होतं. गोठ्यामागे सरकारी कळपातल्या मेंढीचं कातडं सापडलं, ते कुणी आणून टाकलं देव जाणे. सोमवारी चौकशी. मॅजिस्ट्रेटने मान हलवली की पोराची रवानगी कैद्यांच्या नॉरफोक बेटावर. तिथून परत आलेला गावात एकच जण होता, आणि तो कुणाशी बोलत नसे.

"कातड्यावरचा शिक्का मी पाहिला," कॅप्टनने टोपी हातात फिरवली. "पुसट आहे. सरकारी म्हटलं तर सरकारी, नाही म्हटलं तर नाही. मॅजिस्ट्रेट काय म्हणेल त्यावर आहे."

तो गेल्यावर नोरा खाली बसली.

"तू जाऊच नकोस उद्या," ती म्हणाली. "ताप आलाय म्हणून सांगते मी."

"आणि पोराचं काय?"

"मोठ्या लोकांच्या भांडणात आपण मधे पडलो की आपलंच कंबरडं मोडतं, फिंटन. कुणीही जिंकू दे."

"वेडी आहेस. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी आहे, जे त्या माणसाला हवंय."

दुसऱ्या दिवशी मैदानात जत्रा लोटली होती. लाकडी मंचावर दोन्ही उमेदवार खुर्च्या टाकून बसले होते. मतदाराने वर जायचं आणि ज्याला मत द्यायचं त्याचं नाव सगळ्यांदेखत घ्यायचं, अशी पद्धत. ज्याचं नाव घेतलं तो उठून आभार मानी. दुसरा नुसता बघत राही.

दुसरा उमेदवार मिस्टर एल्फिक. सुटलेल्या कैद्यांना माणसासारखं वागवा, असं भर सभेत म्हणणारा या नदीकाठचा एकमेव जमीनदार. प्रायरला संधिवाताने धरलं की न्यायदानाच्या खुर्चीत एल्फिक बसे, तेवढेच काय ते आठवडे लोकांना बरे जात. सगळे सुटलेले कैदी त्याच्याच मागे होते. फिंटनही होता, डर्मटला पकडेपर्यंत.

"ये रे ये, पाटील!" हॅकेट लोहाराने हाक मारली. दोघं एकाच जहाजातून, एकाच साखळीत आलेले. "मतं बरोबरीत आलीत. तुझ्यासाठीच थांबलंय सगळं. त्या फटकेबहाद्दराला आज दाखवून दे!"

लोकांनी वाट करून दिली. कुणी पाठ थोपटली, नेमकी वळांवर. फिंटन मंचावर चढला. एल्फिक त्याच्याकडे बघून हसला, आपल्या माणसाकडे बघून हसावं तसा. फिंटनने नजर दुसरीकडे वळवली. चांगला माणूस होता बिचारा. पण चांगुलपणाने कोठडीचं कुलूप उघडत नाही.

"कॅप्टन प्रायर," तो म्हणाला. एकदाच, मोठ्याने.

मग कुणीतरी शिवी हासडली. कॅप्टन उठला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "आभारी आहे, मिस्टर क्विग्ली." एल्फिकचं हसू मात्र होतं तिथेच राहिलं, विसरून गेल्यासारखं.

फिंटन खाली उतरला तेव्हा हॅकेट त्याच्या बुटांवर थुंकला.

"विकलास रे स्वतःला," तो म्हणाला. "एकत्र फटके खाल्ले आपण, आणि तू..."

"तुला पोरगा नाही, हॅकेट," फिंटन म्हणाला. त्याला रडू फुटेल असं वाटत होतं, पण फुटलं नाही.

एका मताने प्रायर निवडून आल्याचं जाहीर झालं. वाजंत्री सुरू झाली. साहेबाच्या माणसांनी त्याला खांद्यावर घेतलं. फिंटन गर्दीत घुसला, कोपरं मारत, शिव्या खात, पार साहेबाच्या पायापर्यंत पोहोचला.

"साहेब! सोमवारचं तेवढं..."

"सोमवारी?" कॅप्टन वरून मनमोकळा हसला. "अरे, सोमवारी मी समुद्रात असेन. उद्याच्याच बोटीने सिडनी! कायदे करायचेत ना आता तुम्हा लोकांसाठी."

"मग डर्मटची चौकशी?"

कॅप्टनने टोपीने मंचाकडे खूण केली आणि माणसं त्याला पुढे घेऊन गेली.

मंचावर आता एल्फिक एकटाच उरला होता. तो हातमोजे चढवत होता, एकेक बोट नीट ओढून.

"सोमवारी सकाळी या, मिस्टर क्विग्ली," तो शांतपणे म्हणाला. "शिक्का पुसट आहे म्हणे. पण माझी नजर चांगली आहे."