कुकरचं हँडल

आईच्या स्वयंपाकघरातून महिनाभर वस्तू गायब होत होत्या. आधी मिक्सरचं बटण, मग टॉर्च, परवा तर कुकरचं हँडल. तिच्या थोरल्या बहिणीचं विसरणं असंच सुरू झालं होतं, त्यामुळे मुलाला विचारायचाही तिला धीर होईना. ती प्रत्येक काम मोठ्याने बोलून करू लागली, “गॅस बंद, कडी लावली.” आज जेवणासाठी बोलवायला तिने त्याच्या खोलीचं दार ढकललं, तर आत विमानाचं प्लायवुडचं कॉकपिट! संगणकाच्या पडद्यावर धावपट्टी, आणि वेग वाढवायला कुकरचं हँडल. “मागितलं असतं तर दिलं असतंस?” मुलगा ओशाळला. “मेल्या, मला वाटलं माझंही डोकं गेलं कामातून!” देवाला हात जोडून ती शेजारच्या खुर्चीत मटकन बसली आणि डोळे पुसतच हसली. “उड्डाणाआधी वैमानिकही तुझ्यासारखंच सगळं मोठ्याने बोलतात, आई.” तिने खुर्चीचा पट्टा आवळला. “गॅस बंद, कडी लावली. उडव आता!”