समोरचा धूर

मुलाने, शामने, मोटारसायकल दारात उभी केली, तरी कमळू सरपण फोडायचा थांबला नाही.

या महिन्यात शाम दुसऱ्यांदा आला होता. म्हणणं तेच. वीटभट्टीवर नवराबायकोची जोडी लागते. एकाने चिखल मळायचा, एकाने विटा पाडायच्या. रांगतं पोर कोणी सांभाळायचं?

दिवाळीनंतर भात झोडून झालं की पाडा रिकामा व्हायचा. माणसं भट्टीवर जाताना दाराला करवंदीची काटेरी फांदी लावून जायची. फांदी दिसली की समजायचं, घरात कोणी नाही. यंदा सगळ्या पाड्यात एका कमळूच्याच दाराला फांदी नव्हती.

का राहिलो, ते त्याने शामला सांगितलं नव्हतं. पोरगा हसला असता.

पावसाळ्यात बायको, भिमी, गेली आणि कमळूने चूल पेटवणं सोडलं. शामची चूल निराळी, मग एकट्यासाठी कोण रांधणार? भिमीच्या दहाव्याला ओहळापलीकडच्या पाड्यावरून धोंडीबाई आली. भिमीची माहेरची मैत्रीण, तोंडाने फटकळ. थंड चूल बघून म्हणाली, "दिवाळीनंतर मीबी एकटीच हाय. दिवस बुडताना तुझा धूर दिसला पायजे. मी माझा काढीन. ज्याचा दिसला नाय, तो मेला समजायचं."

तेव्हापासून कमळू रोज भाकरी भाजत होता. समोरच्या टेकडीवर धूर निघाला की मगच जेवायला बसायचा. पंगतीला कोणी असल्यासारखं वाटायचं.

ओहळ उतरायला गुडघे साथ देत नव्हते. खालच्या गावातली जना शेरडं राखत दोन्हीकडे फिरायची, तिच्या हाती तो कंद पाठवायचा. दिवाळीच्या आधी धोंडीबाई उलटा निरोप धाडायची, की कंद तुझ्यासारखेच खाजरे हायेत. सुनेला दसऱ्याला मुलगी झाली, तेही तिने असंच कळवलं होतं. हल्ली जना नुसतं "बरी हाय" म्हणायची. थकली असेल म्हातारी, असं कमळूला वाटायचं.

शाम आज वाद घालत बसला नाही. त्याने मोबाइलवरचा फोटो पुढे केला. नातवाच्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं.

"काल निखाऱ्यावर गेला, बाबा. आमी दोघं चिखलात होतो."

कमळूने कुऱ्हाड खाली ठेवली.

कपड्यांचं गाठोडं बांधून तो घरामागे गेला. जना तिथे शेरडं वळत होती.

"माझं एक काम करशील गो? दिवस बुडताना माझी चूल पेटवत जा. वर ओला पाला टाक, म्हंजे धूर लांबून दिसंल."

जना शेरडं वळायची थांबली.

"मी गेलो ते धोंडीला कळू देऊ नको. एकटी पडंल ती."

जनाने पदर तोंडाला लावला. ही हसते की काय, असं कमळूला वाटलं. मग ती हळूच म्हणाली, "नाय सांगत, बाबा."

काडेपेटी कुठे असते ते दाखवायला तो वळला. त्याची गरज नाही, आपल्या कनवटीला असतेच, असं ती म्हणाली.

कमळूने दाराला फांदी लावली आणि गाडीवर बसला.

रस्ता ओहळाला लांबलचक वळसा घेऊन धोंडीबाईच्या पाड्यावरून जायचा. तिने बघू नये म्हणून त्याने टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला. पण पाड्याच्या वर येताच त्याला राहवलं नाही. लघवीला जातो म्हणून त्याने गाडी थांबवायला लावली आणि ऐनाच्या झाडाआड उभा राहिला.

सिद्धगडाच्या कड्यावर तेवढं ऊन उरलं होतं. ओहळापलीकडे त्याच्या घरातून दाट धूर निघत होता. जनाने काम चोख केलं होतं. आपल्या घराचा धूर त्याने इतक्या लांबून कधी पाहिला नव्हता. भिमी घरात असावी असा तो दिसत होता.

मग त्याने खाली धोंडीबाईच्या घराकडे पाहिलं. तिथे धूर नव्हता. तो झाडाआडून बाहेर आला.

तेवढ्यात ओहळातून शेरडं वर आली. त्यांच्यामागून धापा टाकत जना आली. ती घाईघाईने धोंडीबाईच्या दाराशी गेली, दाराला लावलेली करवंदीची फांदी बाजूला सारली आणि कनवटीची काडेपेटी काढत आत शिरली.