तीन बोकडांचं काडतूस

"कुणाला सांगितलं तर पटणार नाही," डुगल्ड म्हणाला, "पण पहिल्या बाराचा आवाज समोरच्या कड्यावरून परत यायच्या आत माझा तिसरा बार निघाला होता. तीन ताहर बोकड, कड्यावरचे रानटी. एका दमात!"

"परवा दोनच होते," हेमी म्हणाला आणि खजूर घातलेल्या स्कोनच्या पावावर लोणी थापू लागला.

"परवा तू मध्येच उठून गेलास."

मेंढ्या कातरायच्या शेडच्या कोपऱ्यात डुगल्डचं काडतुसं भरायचं टेबल होतं. तिथला नियम ठरलेला. गोष्ट तो सांगणार, भरणीच्या यंत्राचा दांडा ऐकणाऱ्यानं ओढायचा. हेमी शेजारच्या कुरणातला, वर्षानुवर्षं ऐकणारा. पण हात लोण्यानं माखलेले ठेवून त्यानं दांडा कायम चुकवला होता. आज दांड्याशी डुगल्डची पुतणी होती, ब्रायर. तिनं पितळी पुंगळीत मोजून दारू ओतली आणि तोंडाशी लांब, टोकदार गोळी धरली.

चहाची सुट्टी संपता संपता बंदूक बनवणाऱ्या ऑस्करचा फोन यायचा होता. ब्रायरची नवी बंदूक आखूड चालीची की लांब, म्हणजे काडतूस आत ढकलणारा बोल्ट किती मागे सरणार, एवढंच त्याला कळायला हवं होतं. मागच्या हंगामात घळीपलीकडच्या एका बोकडापर्यंत तिची गोळी दमून पोचली होती. तो लंगडत कड्याआड गेला. दोन दिवस शोधला, मिळाला नाही. तसा दुसरा बोकड तिला नको होता.

"आखूडच सांग त्याला," डुगल्ड म्हणाला. "बोल्ट जरा मागे ओढला की झालं काम. लांब चालीची घेऊन कडा चढशील, तर कुंपणाचा खांब खांद्यावर घेतल्यासारखं होईल तुला."

"पण जड, लांब गोळी दूरवर टिकते ना, काका."

"मग भर की लांब गोळी! मी काय वाटाणे मारत होतो? फक्त पुंगळीत खोल दाबू नकोस, दारूची जागा खाते ती. बाहेर राहू दे. नळीच्या आट्यांना नाक टेकेल इतकी."

ब्रायरनं दांडा ओढला. काडतूस काढून उजेडात धरलं.

"अजून बाहेर," डुगल्ड म्हणाला.

तिनं यंत्राचा स्क्रू फिरवला, दुसरी पुंगळी भरली, पुन्हा दांडा ओढला. आता काडतूस तिच्या मधल्या बोटाहून लांब दिसत होतं.

"हां! ही बघ, हीच ती भरणी."

"त्या दिवशीही अशीच होती?" ब्रायरनं विचारलं.

"अशीच. केसाचा फरक नाही."

"आणि बंदूक?"

"ही काय, भिंतीवर टांगलीय. आखूड चालीची. हिच्याखेरीज दुसरी कधी हातात धरली नाही मी."

"मध्ये काडतुसांसाठी खिसे चाचपत बसला असशील," हेमी म्हणाला.

"खिसे?" डुगल्डनं कप आपटला. "तिन्ही काडतुसं मॅगझिनमध्ये ओळीनं बसली होती, रविवारी चर्चमध्ये बसतात तशी! डोळा दुर्बिणीवरून हलला नाही माझा. बोल्ट मागे, पुढे, बार. मागे, पुढे, बार. बोल्ट असा तापला म्हणून सांगू, संध्याकाळी त्याच्यावर बेकन परतलं."

शेडच्या दाराशी कुत्र्यानं जांभई दिली.

ब्रायर उठली. भिंतीवरची बंदूक तिनं खाली घेतली, बोल्ट उघडून आत बोट घातलं, रिकामी असल्याची खात्री केली. मग खालचं मॅगझिन सोडवलं आणि बंदूक परत टांगली. काडतुसं ठेवायची पत्र्याची ती चपटी पेटी हातात घेऊन ती टेबलाशी आली.

"आणि मग तिसऱ्या बोकडानं काय केलं, सांगू का?" डुगल्ड हेमीकडे वळला. "पडता पडता त्यानं दुसऱ्याकडे असं बघितलं—"

फोन वाजला.

ब्रायरनं रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यात धरला. दोन्ही हात कामात होते. नुकत्याच भरलेल्या काडतुसाचा मागचा भाग तिनं पेटीच्या मागच्या भिंतीला टेकवला आणि पुढून अंगठ्यानं दाबलं. थोडं तिरकं केलं. पुन्हा दाबलं.

"हो, ऑस्कर, ठरलं," ती म्हणाली. "लांब चालीची. हो, पक्कं. नाही, काकाला विचारायची गरज नाही."

तिनं फोन ठेवला.

"लांब?" डुगल्ड ओरडला. "अगं, इथं बसून काय ऐकलंस तू? आखूडनं तीन पाडले मी! ह्याच भरणीनं! ह्याच बंदुकीनं! हेमी, सांग हिला!"

हेमीनं स्कोन तोंडात कोंबला.

ब्रायरनं मॅगझिन डुगल्डच्या कपाशेजारी ठेवलं. काडतुसाचं बूड आत होतं आणि नाक पुढच्या पत्र्यावर चढून छताकडे रोखलं होतं. तिनं ते बोटानं एकदा खाली दाबून दाखवलं. बोट उचलताच ते परत वर आलं.

"ह्या भरणीचं एकसुद्धा मावत नाही आखूड चालीच्या ह्या पेटीत, काका. एकेक काडतूस खिशातून काढून हातानंच घातलं असशील तू," ती म्हणाली. "तोवर बाकीचे दोन बोकड काय चहाला थांबले होते?"